ऊब कमी आहे

“हात खोटं बोलतो, बाई. हाताला घाई असते, दहा कामं असतात. अंडं पापणीला लाव. पापणीला दुसरं काही काम नाही. ती खरं सांगते.”

सासूनं हे सांगितलं तेव्हा ऊबवालीला कुणी ऊबवाली म्हणत नव्हतं. नुकती लग्न होऊन आलेली, अंडं फुटेल म्हणून श्वाससुद्धा जपून घेणारी पोर होती ती. सासू जाऊन किती वर्षं लोटली. तरी अंड्यांच्या खोलीचं बुटकं दार ढकलून आत वाकलं की तो आवाज कानाशी यायचाच. आणि त्याच्या मागोमाग दुसरा: “शेवटची गोष्ट शेवटीच सांगायची. आधी सांगितलीस तर शिकणारी उद्या वेगळी चूल मांडते, आणि तू दारात माश्या मारत बसतेस.”

हे घर अंडी उबवणाऱ्यांचं. लोक आपापल्या कोंबड्या-बदकांची अंडी टोपलीत घालून आणायचे आणि पिल्लं घेऊन जायचे. “आमच्या गावात एक कोंबडी कायमची अंड्यांवर खुडूक बसलीय,” लोक म्हणायचे, “फक्त तिला पिसं नाहीत.” ऊबवालीही त्यावर हसायची. हसता हसता अंडी मोजून घ्यायची आणि ज्याच्या त्याच्या अंड्यांवर कोळशानं ज्याची त्याची खूण करायची.

तिचं एक व्रत होतं. सकाळी देवापुढं दिवा लावला की अंड्यांची पहिली फिरवाफिरव होईपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. दारात कुणी आलं तर हातानंच ‘थांब’ म्हणायची. आत जीव धरतोय, त्याच्या कानावर सकाळी पहिल्यांदा आपली कटकट पडू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

यंदा पाखरांवर मर पडली. पाऊस ओसरला तशी एकेक खुराडं गप्प होत गेली. सकाळी आरवायचं कुणी राहिलं नाही. लोक उशिरा उठू लागले आणि उठल्यावर एकमेकांकडं बघेनासे झाले. मागच्या ओढ्याजवळ खड्डे खणून चुना टाकून पाखरं पुरली. वाऱ्यानं पिसं उडत उडत घराघरांच्या उंबऱ्याशी येऊन अडायची. ज्यांच्या दोनचार कोंबड्या वाचल्या त्यांनी खाण्यासाठी एक अंडं ठेवलं नाही. सगळी ऊबवालीकडं आणली. गावात पुन्हा पाखरू दिसायचं तर ते आता याच खोलीतून निघणार होतं.

सगळ्यांत शेवटी आली दोरवाली. गावाबाहेर नदीच्या वळणावर एकटी राहून दोर वळणारी ही बाई ऊबवालीच्याच वयाची होती. मांडीवर तंतू घासून घासून तिच्या मांड्यांची कातडी चामड्यासारखी झालेली. पदराच्या ओटीतून तिनं अंडी काढली.

“माझी ठिपकी काल गेली,” ती म्हणाली. “ही तिची. दुसरं काही मागं ठेवलं नाही तिनं.”

ऊबवालीनं एकेक अंडं उजेडापुढं धरून बघितलं. त्यांवर दोराच्या गाठीची खूण काढली.

“मला पुन्हा यायला जमायचं नाही गं,” दोरवाली म्हणाली. “गुडघे धरलेत. आणि आणायला कुणाला पाठवू? तू पाठवशील कुणाच्या तरी हाती, आणि तो म्हणेल, ‘मेलं सगळं,’ आणि मी म्हणेन, ‘बरं.’ खरं-खोटं मला काय कळणार?”

“मी घेऊन येईन,” ऊबवाली म्हणाली. “निघेल ते, आणि नाही निघालं तेही. माझ्या हातानं, तुझ्या दारात.”

“बघ हं. डोळ्याला पट्टी बांधून बोलतेयस.”

खरंच होतं ते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. डॉक्टरनं दम भरला होता: “आजी, डोळ्याला बोट लावायचं नाही. तूस नाही, धूळ नाही, धूर नाही. खाली वाकायचं नाही. नाहीतर असलेलाही डोळा जाईल.” डाव्या पापणीवर तर तरुणपणीच भांड्याच्या वाफेचा हबका बसलेला; तिला ना ऊब कळे ना गारवा. म्हणजे जी एक पापणी खरं सांगायची, तिचीच साक्ष बंद झाली. पट्टी सुटल्यावर मोठा काळा चष्मा आला. शेजारची शिंपीण म्हणाली, “मावशी, आता फक्त मोटार तेवढी घ्या!”

कामाला सून होती. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून कधीतरी घरी येणारा. सून मोबाईल दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. बोटं बारीक, नजर चलाख, पण अंड्यातलं तिला काही कळत नव्हतं. ऊबवालीनं तिच्या पापणीला अंडं लावून बघितलं.

“काय वाटतं?”

“अंडं वाटतं.”

“ऊन आहे की कोमट?”

“आई, खरं सांगू? मला सगळी सारखीच वाटतात.”

पापणी शिकायला वर्षं जातात. आणि अंडी थांबत नाहीत.

*

सुनेकडं एक जुना स्वस्तातला फोन होता. बापाच्या दुकानात कुणी टाकून गेलेला, कोपरा फुटलेला, मागचं झाकण रबरानं आवळलेलं. तो घेऊन ती दुपारी खिडकीशी उभी राहायची, कारण रेंज तेवढ्याच जागी येई. उभी राहून त्याच्याशी हळू आवाजात बोलायची.

ऊबवाली ओसरीवर काळा चष्मा लावून बसलेली असे. चष्म्याआडून माणूस कुठं बघतो ते कुणाला कळत नाही, हा एक फायदा.

“नाही, तसं नाही,” सून म्हणायची. “परत करून बघ... चुकलास... हां, आता बरोबर. हुशार आहेस.”

ऊबवालीनं कान टवकारले. नवरा रस्त्यावर, आणि ही खिडकीत उभी राहून कुणाला हुशार म्हणतेय?

शिंपिणीच्या कानांनीही ते टिपलं होतं. काज करता करता ती म्हणाली, “मावशी, मी कुणाच्या घरात डोकावत नाही. पण तुमची सून कुणाला तरी अरे-तुरे करते. आणि करते ती थर्मामीटरच्या गोष्टी! मी म्हणते, प्रेमाच्या केल्या असत्या तर समजलं असतं. ह्या कामाच्या गोष्टी करते म्हणजे काहीतरी जास्तच वाईट आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमची विद्या बाहेर चाललीय. उद्या शहरात कुणी मोठा कारखाना काढेल, ‘ऊबवालीच्या पद्धतीनं’ म्हणून पाटी लावेल, आणि तुम्ही बसा चष्मा पुसत.”

हे मात्र ऊबवालीला लागलं. सासूचा दुसरा आवाज कानाशी आला आणि तिथंच बसून राहिला.

त्या दुपारी ती भिंत धरत धरत उठली आणि खिडकीशी जाऊन सुनेच्या मागं उभी राहिली. फोनवर ना माणसाचं तोंड होतं ना कुणाचा आवाज. काळी पाटी होती आणि तिच्यावरून बारीक पांढरी अक्षरं आपोआप चालली होती, मुंग्यांची रांग चालावी तशी. सुनेची बोटं नुसती बाजूला धरलेली.

“हे कोण लिहितंय?”

सून दचकली. “अगंबाई! आई, कधी आलात?... हे हाच लिहितोय.”

“हा म्हणजे कोण?”

“एआय आहे, आई. मी ह्या डबड्यात बसवलाय. ह्याला आपल्या भाषेत काम सांगायचं. मग ते काम करणारा प्रोग्रॅम हा स्वतः लिहितो, स्वतः चालवून बघतो. चुकलं तर स्वतःच चूक वाचतो आणि परत लिहितो. एजंट म्हणतात त्याला.”

“एजंट? म्हणजे दलाल आणलास घरात?”

“दलाल नाही हो. कारागीर समजा. खिशातला.”

“स्वतःची चूक स्वतः वाचतो म्हणतेस?”

“हो.”

“आणि मान्य करतो?”

“लगेच. वर माफीही मागतो.”

ऊबवाली थोडा वेळ त्या मुंग्यांकडं बघत राहिली. चूक लगेच मान्य करणारं माणूस तिनं सबंध आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिचा संशय त्यामुळं कमी झाला नाही, वाढला. इतक्या लवकर वाकणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतं?

“आणि हा बसतो कुठं? ह्या डबड्यात?”

खोटं बोलायची सुनेला सवय नव्हती. “हात ह्याच्यात. डोकं लांब कुठंतरी आहे, मोठ्या मशिनीत. इथून विचारलेलं तिकडं जातं, उत्तर येतं.”

“तिकडं कोण ऐकतं?”

“ते मला माहीत नाही, आई.”

“हं,” म्हणाली ऊबवाली, आणि परत ओसरीवर येऊन बसली.

*

पण काम झालं, हे नाकारता येत नव्हतं. अंडी कोवळी असताना तुसानं भरलेल्या लाकडी पेट्यांत असतात. पेटीत दिवा, दिव्यावर पत्रा. सुनेनं पेटीच्या काचेआड थर्मामीटर टांगला आणि समोर फळीवर फोन उभा केला. फोन थोड्या थोड्या वेळानं थर्मामीटरचा फोटो काढायचा, पारा कुठं आहे ते बघायचा आणि बोलायचा. पहिल्या दिवशी काचेवर ऊन आलं तेव्हा “ऊब फार झाली! ऊब फार झाली!” म्हणून त्यानं इतका आकांत केला की शिंपीण कात्री हातात घेऊन धावत आली. सून हसून खिडकीशी गेली, काहीतरी बोलली, मुंग्या चालल्या, आणि नंतर उन्हाला तो फसला नाही.

आवाज त्याचा बाईचा होता, पण कुठल्याच बाईचा नव्हता. “ऊब कमी आहे. दिवा वाढवा.” सून लगेच वात वर करायची. ऊबवालीच्या घरात, तिच्या खोलीत, तिच्या अंड्यांसाठी, कुणीतरी हुकूम सोडत होतं आणि हुकूम पाळला जात होता. एकदा सकाळी ती मौनात अंडी फिरवत होती. सून पेटीतून काढून हातात द्यायची, ती बोटांनी हलकेच पालथं करून परत द्यायची. आणि फळीवरून आलं, “ऊब बरोबर आहे.” तिचं मौन कुणी मोडलं नव्हतं इतक्या वर्षांत. तिनं रागानं सुनेकडं बघितलं. सुनेनं कान पकडले आणि त्या दिवसापासून सकाळी त्याचा आवाज बंद राहू लागला. तेवढं ऐकलं पोरीनं.

उजेडापुढं अंडी धरून बघितली तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी जीव धरला होता. तांबड्या शिरांची जाळी, मधे काळा ठिपका, हलणारा. सून धरून दाखवायची, ऊबवाली चष्म्याआडून बघायची. ठिपकीची अंडी तर एकूण एक भरली होती.

“बघितलंत, आई?”

“देवाची कृपा,” ऊबवाली म्हणाली. फोनचं नाव तिनं घेतलं नाही.

*

उबायचे अर्धे दिवस सरले की अंडी पेटीतून काढून लाकडी माचावर घेतात. तुसाचा जाड थर, त्यावर चादर, चादरीवर अंडी शेजारी शेजारी, वरून गोधड्या. दिवा नाही, शेगडी नाही. सुनेनं तेही केलं. मग प्रश्न आला थर्मामीटरचा. गोधडीच्या आत ठेवला तर फोनला दिसणार नाही. म्हणून तिनं तो माचाच्या वर, भिंतीला, खिळ्यावर टांगला आणि फोन समोर ठेवला. फोनला म्हणाली, आता दिवा नाही. ऊब कमी झाली तर गोधडी वाढवायला सांग, जास्त झाली तर काढायला.

ऊबवाली दारात उभी राहून हे बघत होती. तिच्या जिभेवर शब्द आला. आला आणि तिनं गिळला.

कारण ती शेवटची गोष्ट होती. पेटीतली कोवळी अंडी ऊब मागतात. माचावरची थोरली अंडी ऊब देतात. त्यांचं त्यांनाच पुरतं, उरून शेजारच्याला देतात. बाहेर गारठा असला तरी आत भट्टी पेटलेली असते. ज्याला हे माहीत नाही तो गारठा बघून पांघरूण घालत जातो आणि आतल्या आत जीव शिजवतो. म्हणून थोरल्या अंड्यांचं भिंतीला विचारायचं नसतं, गोधडीत हात घालून मधलं अंडं काढायचं आणि त्याला विचारायचं. सासूनं हे तिला अगदी शेवटी सांगितलं होतं, अंथरुणावर, श्वास लागलेला असताना, आणि सांगून झाल्यावर भिंतीकडं तोंड केलं होतं.

आज ते बोललं तर सुनेच्या कानात जाईल, सुनेच्या तोंडून त्या काळ्या पाटीवर, आणि पाटीवरून लांबच्या मशिनीत, जिथं कोण ऐकतं ते सुनेलाही माहीत नाही.

आणि खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी आणखी एक होतं. बघू दे, ते म्हणत होतं. हुशार आहे ना? बघू दे काय करतो ते.

दोन दिवस हवा बरी होती. मग नदीकडून गार वारा सुटला, भुरभुर पाऊस लागला. खोलीच्या कौलांतून गारवा खाली उतरला.

“ऊब कमी आहे,” फोन म्हणाला. “पांघरूण वाढवा.”

सुनेनं एक गोधडी टाकली.

ऊबवाली ओसरीवर गुडघ्यांवर शाल घेऊन बसली होती. जप करत होती. मणी सरकत होता, नाव सरकत नव्हतं. एकाच मण्यावर अंगठा परत परत येत होता.

“ऊब कमी आहे. पांघरूण वाढवा.”

आतून सुनेच्या पावलांचा आवाज. मुलाची जाड दुलई कपाटातून काढल्याचा आवाज.

‘देवा, संध्याकाळपर्यंत वारा पडेल,’ ती मनात म्हणाली. ‘मी काय केलं? मी काहीच केलं नाही.’

आणि मग वास आला. दुसऱ्या कुणाला आला नसता. कोंदट, गोडसर, गच्च बंद खोलीत ताप चढलेलं मूल निजलं की येतो तसा. तिची माळ मांडीवरून घसरली. डॉक्टर, वाकणं, तूस, काही तिला आठवलं नाही. ती आत गेली, माचाशी गुडघे टेकले आणि दुलईखाली खांद्यापर्यंत हात घातला. हाताला ऊन लागलं. पण हात तर खोटं बोलतो. गार वाऱ्यातून आलेल्या हाताला काहीही ऊनच लागणार. तिनं मधलं एक अंडं काढलं, दुसऱ्या हातानं चष्मा ओढून काढला आणि अंडं उजव्या डोळ्याकडं नेलं.

“आई!” सुनेनं तिचं मनगट धरलं. घट्ट. “डोळा जाईल! वेड लागलंय का?”

“सोड.”

“नाही सोडणार. मला लावा.”

“तुला कळत नाही!”

“लावा तर!”

ऊबवालीनं अंडं सुनेच्या मिटल्या पापणीला लावलं. क्षणभर काही नाही. मग सुनेनं डोकं मागं झटकलं.

“आई, चटका बसतोय.”

“मग बघतेस काय! काढ सगळं!”

दोघींनी मिळून दुलई ओढली, गोधड्या ओढल्या. माचावरून वाफेसारखं काहीतरी अंगावर आलं. खिडकी उघडली, दार उघडलं. शेजारी शेजारी दाटलेली अंडी हातांनी लांब लांब सरकवली. सुनेनं कोमट पाणी आणलं आणि ऊबवालीनं ते बोटांनी शिंपडलं, एकेका अंड्यावर, ओठ हलत होते. आणि वरून, फळीवरून, शांतपणे, पुन्हा पुन्हा येत राहिलं:

“ऊब कमी आहे. पांघरूण वाढवा. ऊब कमी आहे. पांघरूण वाढवा.”

“त्याला गप्प कर!” ऊबवाली ओरडली. कधी आवाज न चढवणारी बाई, तिचाच आवाज तिला परका वाटला.

सुनेनं फोन बंद केला. केस कपाळाला चिकटलेले, पापणी लाल. ती सासूकडं बघत उभी राहिली, आणि ऊबवालीला कळलं की पोरीनं सगळं जुळवलं. बाहेर गार, आत तापलेलं. हे सासूला माहीत नसणार कसं? सकाळपासून ओसरीवर बसलेली सासू...

“तुम्हाला माहीत होतं,” सून म्हणाली. विचारलं नाही तिनं. नुसतं म्हणाली.

ऊबवालीनं चष्मा शोधायच्या निमित्तानं खाली बघितलं.

“त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो चुकला,” सून म्हणाली. “मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं भिंतीवरचा थर्मामीटर बघत बसलो.”

“तुझं तरी काय? खिळा ठोकताना मला विचारलंस?” ऊबवालीनं म्हणून बघितलं.

“विचारलं असतं तर सांगितलं असतंत?”

ऊबवालीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. बाहेर भुरभुर चालूच होती.

*

दुसऱ्या सकाळी मौनात अंडी फिरवून झाली. मौन सुटलं तेव्हा ऊबवाली म्हणाली, “तो फोन ओसरीवर ने. उलटा ठेव. वर पातेलं झाक.”

“बंदच आहे तो, आई.”

“तरी झाक.”

सुनेनं झाकलं. परत आल्यावर ऊबवालीनं खोलीचं दार लावून घेतलं, तिला माचाशी बसवलं आणि सासूनं अंथरुणावरून सांगितलेलं सगळं सांगितलं. थोरली अंडी धाकट्यांना कशी ऊब देतात. मधली कधी कडेला न्यायची आणि कडेची मधे. गोधडी किती वेळ उघडी टाकायची. पापणीला चटका म्हणजे किती, नुसतं ऊन म्हणजे किती. सांगताना हातात अंडं होतं, आणि ते ती परत परत सुनेच्या पापणीला लावत होती. “हे बघ. हे बरोबर. आणि हे? ह्याला थोडं जास्त आहे. कळलं?”

“कळलं,” सून म्हणाली. आणि काही वेळानं, “खरंच कळलं, आई.”

“शेवटची गोष्ट ही. माझ्या सासूनं मरताना सांगितली.”

“तुम्ही कशाला आताच...”

“मला मरायला वेळ आहे. अंड्यांना नाही.”

सून हसली. कालपासून पहिल्यांदा.

“आता ह्यातलं त्या दलालाला काय सांगायचं आणि काय नाही,” ऊबवाली उठता उठता म्हणाली, “ते तू ठरव. मला त्याचा भरवसा नाही. तुझा ठेवते.”

सुनेनं ओसरीवर जाऊन पातेलं उचललं, फोन चालू केला आणि खिडकीशी गेली. ऊबवाली दारातून ऐकत होती. सून पापणीचं काही बोलली नाही, सासूचं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली की माचावरची अंडी स्वतः तापतात, भिंतीचा पारा खरा धरू नकोस. मुंग्या चालल्या. मग थांबल्या.

“काय म्हणतो?”

“माझी चूक झाली म्हणतो. आणि विचारतो, मधल्या अंड्याची ऊब माणसाच्या हातानं बघून मला कळवाल का? मी फक्त कधी बघायचं त्याची आठवण करीन.”

ऊबवालीनं ओठ मुडपले. प्रश्न बरोबर होता. तेवढ्यानंच तिला तो जास्त खुपला.

“गोड बोलतो मेला,” ती म्हणाली. “आठवण करू दे. पण त्याला सांग, सकाळी नाही.”

*

पिल्लं निघाली. आधी आतून टोच, मग कवचाला तडा, मग ओलं, थरथरतं, डोळे मिटलेलं काहीतरी. खोली चिवचिवाटानं भरली. लोक टोपल्या घेऊन आले. कितीतरी दिवसांत माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलली. कडेची जवळजवळ सगळी निघाली होती. मधली, जिथं दुलईची ऊब सगळ्यांत जास्त साठली, ती बहुतेक निघाली नाहीत. आणि मधे होती ती दोराच्या गाठीची खूण असलेली. जास्त जपायची म्हणून सुनेनंच ती मधे ठेवली होती.

त्यांतून एकच पिल्लू आलं. कवचातून बाहेर पडायला त्याला सबंध दिवस लागला.

गावाला कारण सापडायला वेळ लागत नाही. शिंपिणीच्या दारात बायका जमल्या होत्या.

“मी म्हटलंच होतं,” शिंपीण म्हणत होती. “फोननं शिजवली अंडी. मशिनीला काय कळतं जिवाचं? आणि त्या पोरीला तरी काय कळतं? मोबाईल उघडणाऱ्याची मुलगी ती. मावशींचा डोळा बरा असता तर एक अंडं वाया गेलं नसतं.”

सून पाण्याची घागर घेऊन तिथूनच येत होती. तिनं मान खाली घातली आणि चालत राहिली. घागर उतरवून ठेवताना पाणी ओसरीवर सांडलं. ती फडक्यानं पुसत बसली, आधीच कोरडी झालेली जागाही पुसत राहिली.

“तू काही बोलली नाहीस त्यांना,” ऊबवाली म्हणाली.

“काय बोलू?”

“खरं.”

“तुमच्याबद्दल?” सून म्हणाली. “नाही बोलणार.”

ऊबवालीला वाटलं, पोरीनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर आपल्यालाही चार शब्द बोलता आले असते आणि प्रकरण दोघींत मिटलं असतं. आणि आत कुठंतरी एक जुना, सरावलेला आवाज म्हणत होता, राहू दे. लोक फोनला बोलतात, बोलू दे. फोनला काय लागतं? काळी पाटी ती. माफी मागायची सवयच आहे तिला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. तिनं देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि नेहमीसारखी अंड्यांच्या खोलीत गेली. माच रिकामा होता. फिरवायला एकही अंडं नव्हतं. मौन सोडायचं कुठं, हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

ती थोडा वेळ रिकाम्या तुसावर हात ठेवून उभी राहिली. मग लहान टोपली घेतली. तळाशी तूस टाकलं, त्यावर मऊ फडकं. एका बाजूला ठिपकीचं पिल्लू ठेवलं. दुसऱ्या बाजूला दोराच्या गाठीची न फुटलेली अंडी एकेक करून मांडली, खूण वर येईल अशी. टोपलीवर पदर धरला.

सून दारात आली. तिनं टोपलीत बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

“आई, मी येते. वाट घसरडी आहे. तुम्हाला अजून नीट दिसत नाही.”

ऊबवालीनं हातानं ‘थांब’ म्हटलं.

“मग मी सांगते तिला. ठेवायची जागा माझी चुकली, थर्मामीटर मी टांगला. तुम्ही कशाला...”

ऊबवालीनं मान हलवली. सुनेच्या लाल पापणीवरून, जिथं अजून बारीकसा डाग होता, अंगठा हलकेच फिरवला. मग काळा चष्मा नीट बसवला आणि उंबरा ओलांडला.

शिंपीण दार झाडत होती. “मावशी, एवढ्या सकाळी? दोरवालीकडं का? सांगा तिला, त्या फोनच्या...” ऊबवाली थांबली, तिच्याकडं वळून बघितलं आणि पुढं चालू लागली. शिंपिणीचा झाडू तसाच राहिला.

नदीकडची वाट ओली होती. ती पायानं चाचपत, बेतानं चालत होती. टोपलीत पिल्लू मधूनच एक बारीक हाक घालायचं, शेजारच्या गार अंड्यांना ऐकू जाईल इतकी. ती काही बोलली नाही. वाटेत भेटलेल्या गवंड्यानं राम राम घातला त्यालाही तिनं नुसती मान लववली. तोंडातला शब्द तिनं तोंडातच धरून ठेवला होता. दिवसाचं पहिलं वाक्य दोरवालीच्या दारात बोलायचं होतं, आणि ते ‘मी’पासून सुरू होणार होतं.